एकदम टाकलेली पावडर

"सगळी पावडर एकदमच टाका," कन्सल्टंट म्हणाला, आणि मी त्याच्या टायकडे बघत राहिलो. परळीच्या उन्हात टाय.

आमचा कारखाना तुरटीचा. पाणी शुद्ध करायला लागते, ती. शिसं लावलेल्या टाकीत पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचं, त्यात बॉक्साइटचे बारीक खडे थोडे थोडे सोडायचे आणि वाफेनं तापवायचं. बॅचला दिवस जायचा. मी तिथला केमिस्ट.

मालक आप्पा. आधी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. देशाची दारं उघडली म्हणतात तेव्हा त्यांनी कारखाना उघडला. ज्वारीचा भाव कळतो म्हणजे रसायनशास्त्रही कळतं, अशी त्यांची समजूत होती. आता स्पर्धा वाढली म्हणून त्यांनी मुंबईहून हा कन्सल्टंट आणला होता.

त्याचा उपाय सोपा होता. खड्यांऐवजी पीठ, ॲसिडमध्ये पाणी कमी, वाफ जास्त. कॅटॅलिस्टही टाका म्हणाला. कोणता, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

मी आप्पांना समजावलं. "गुळाचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, कुटलेला गूळ लगेच. पिठाचंही तसंच, ॲसिडला सगळीकडून लागायला मिळतं. ॲसिड तीव्र केलं की वेग वाढतो. तापवलं की आणखी वाढतो."

"मग चांगलंच हाय की."

"ही अभिक्रिया स्वतःच गरम होते, आप्पा. गरम झाली की जोरात चालते, जोरात चालली की आणखी गरम होते. तिन्ही एकदम केलं तर टाकी आवरणार नाही."

"तुमी लई भेता राव," आप्पा म्हणाले. "दुनिया कुठं चालली, अन् आमी दिवसभर तुरटी ढवळीत बसायचं व्हय?"

कन्सल्टंट हसला. "थिंक बिग," म्हणाला.

टाकीच्या तोंडाशी बांधलेल्या माचीवर फोरमन रशीदभाई पोती फोडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात कन्सल्टंटनं स्वतः वर जाऊन दोन पोती ओतायला लावली आणि खाली येऊन वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. माचीवर रशीदभाई राहिले.

टाकीतून घरघर आली. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"रशीदभाई, खाली या. आत्ता."

"साहब, एक पोता बाकी हाय."

"राहू द्या."

मी शिडीवर चढून त्यांचा दंड धरला आणि ओढत खाली आणलं. व्हॉल्व्ह बंद केला, तोवर उशीर झाला होता. तांबूस फेस टाकीबाहेर आला, माची गिळून खाली पसरला. रशीदभाईंचं पाऊल चपलेतून भाजलं. मी त्यांचा पाय हौदातल्या पाण्यात धरून ठेवला. मग मान वर करून रागानं कन्सल्टंटला शोधलं.

तो गेटबाहेर उभा होता. सगळ्यात आधी पोचलेला तोच.

टाकीचं शिसं फाटलं, कारखाना कितीतरी दिवस बंद राहिला. रशीदभाईंचं पाऊल बरं झालं, पण चाल लंगडी राहिली. आप्पांचा निष्कर्ष असा निघाला : "लेबरनं घाई केली." मी दुसरी नोकरी धरली. कन्सल्टंट तिकडे मुंबईत साबणवाल्यांना सल्ला देतो असं पुढे कळलं.

अभिक्रियेचा वेग कसा वाढवायचा हे शाळेतलं पोरही सांगेल. निर्माण होणारी उष्णता कुठून काढायची, ते सल्ला देणाऱ्याला विचारा. उत्तर येत नसेल तर त्याला पैसे देण्याआधी माचीवर उभं करा.