म्हाताऱ्या झाडांचं जंगल आणि आमचे काका

जंगलकाका जंगलात शिरले की वर म्हणून बघायचे नाहीत. अंगठी हरवलेल्या माणसासारखी मान खाली. आपण झाडांचं कौतुक करायला जावं तर खेकसायचे, "वर काय बघतेस? म्हातारी उभीच आहेत. पोरं दाखव, पोरं!"

वनखात्यातून निवृत्त होऊन ते सौदीत अभाजवळच्या डोंगरांतल्या, सुरूसारख्या दिसणाऱ्या ज्युनिपरच्या जंगलाची पाहणी करायला कंत्राटावर आले होते. राहायचे आमच्या वरच्या मजल्यावर. माझा नवरा तिथल्या बँकेत, त्यामुळे शुक्रवारी आमची गाडी काकांच्या सेवेला. धुक्यात ती जुनी झाडं, फांद्यांवर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलासारखं करडं काहीतरी लोंबलेलं. खाली मात्र एक रोप नाही. धुकं कमी झालं, शेळ्या खातात, बियाच पोचट. काका दर वेळी नवं कारण काढायचे आणि स्वतःच खोडायचे. "एक रोप दिसू दे, मग खुशाल घरी पाठवा," म्हणायचे.

दर हिवाळ्यात त्याच खडकावरून त्याच झाडाचा फोटो. उंची कळावी म्हणून शेजारी मी. "अबाया घालूनच उभी राहा, काळं ठसठशीत दिसतं."

"मी काय तुमची मोजपट्टी?"

"मग! तीही बोलणारी. हलू नकोस."

ते फोटो ओळीने लावले की आजही अंगावर काटा येतो. आधी शेंडा पांढरा पडतो, मग खांदे, मग सगळंच. मी मात्र तशीच, काळी, धुक्यात चेहरासुद्धा न दिसणारी. जणू झाडाला न्यायला आलेली.

काकांचं कंत्राट संपलं. शेवटच्या शुक्रवारी माझी लेक सई, तेव्हा पहिलीतली, किंचाळली, "काका, मिल गया! बेबी ट्री!" काका धावले, गुडघ्यांवर बसले, चष्मा चढवला. मग हळूच थांबले. मलाही दिसलं. ओल्या मातीत खोचलेली फांदी होती ती. सईच्या नखांत माती.

"शू," काका मला म्हणाले. त्यांनी त्या फांदीभोवती दगडांचं आळं केलं, बाटलीतलं सगळं पाणी घातलं आणि सईला शाबासकी दिली.

विमानतळावर निघताना मी म्हटलं, "काका, रोप काही मिळालं नाही हो."

"नाही मिळालं. पण एवढ्या वर्षांत या जंगलात कुणी काही लावलेलंही मी पाहिलं नव्हतं गं."

पुढच्या हिवाळ्यात गेलो तेव्हा फांदी वाळून काडी झाली होती. दगड जागच्या जागी. सईला मी गाडीतून उतरू दिलं नाही.

काका गेल्याचा फोन आला त्या दिवशी सई रडत म्हणाली, "मम्मी, आय चीटेड हिम. वो मैंने लगाया था."

"त्यांना तेव्हाच कळलं होतं, राणी."

तिने डोळे पुसले. "मग पाणी का घातलं?"

मी तिला जवळ घेतलं आणि विमानतळावरचं काकांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. आता कुठेही झाडांत शिरलो की आम्हा दोघींच्या माना खाली जातात.