सालीची सूट

२००४ चा नोव्हेंबर. लाकडाच्या बिलांचा नवा प्रोग्रॅम लिहून देण्याचं काम बारा हजारांचं, त्यातले सहा आगाऊ मिळालेले. अळणावर गावातल्या लाकूड डेपोत आम्ही चौघं होतो: डेपोचे मालक नारायण अण्णा, त्यांचं हुबळीच्या कमरीपेठेतलं जुनं गिऱ्हाईक बसप्पा, आमच्या हुबळीच्याच कॉम्प्युटर ऑफिसचे देसाई सर आणि मी. दारात सागवान भरलेली लॉरी. बसप्पा माल उचलायला तयार नव्हता.

"अण्णा, तुमच्या कॉम्प्युटरात शिरलं की झाड वाढतं काय हो?"

अण्णा हसले नाहीत. "तीस वर्षं माझ्या मापाला कुणी बोट ठेवलं नव्हतं, सर. आज ह्यानं ठेवलं."

डेपोचा जुना प्रोग्रॅम सी या भाषेत होता. लिहिणारा कधीच बेंगळूरला गेला होता. सीची जागा घ्यायला निघालेली एक नवी भाषा देसाई सरांनी नेटवरून उतरवली. ती अजून प्रयोगातच होती. "जुन्या भाषेतल्या चुका हिच्यात नाहीत," सर म्हणाले. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा; अशी वाक्यं बरीच ऐकली होती. पण पगार त्यांचा, म्हणून सगळा प्रोग्रॅम मी नव्या भाषेत लिहिला.

हिशेब साधा आहे. ओंडक्याचा घेर इंचांत मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा. त्या हिश्श्याला त्यानंच गुणायचं, मग फुटांतल्या लांबीनं, आणि एकशे चव्वेचाळीसनं भागायचं. उत्तर घनफुटांत.

बसप्पानं दाखवलेला ओंडका घेरानं सत्तेचाळीस इंच, लांबीला बारा फूट. बिलात साडेअकरा घनफूट. मी कॅल्क्युलेटरवर केलं. साडेअकराच.

"तो पण तुमचाच," बसप्पा म्हणाला.

मग जुना प्रोग्रॅम चालवला. दहा पूर्णांक शून्य आठ. प्रत्येक ओंडक्यामागे असाच फरक असेल, तर अण्णांचं नाव गेलंच.

कारण सापडायला तासभर गेला. सीमध्ये पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की अपूर्णांक न सांगता गळून पडतो. सत्तेचाळीसचा चौथा हिस्सा तिथं अकराच येतो. नव्या भाषेच्या कर्त्यांनी हा दोष धरून काढून टाकला होता. तिथं पावणेबारा येत होते.

सरांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे जुनंच चूक होतं, अण्णा!"

"चूक कसली? चौथाईत पूर्ण इंचांवरचं जे येतं ते सोडायचं. घेरात झाडाची साल पण मोजली जाते ना, त्या सालीची सूट ती. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या वेळेपासून."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"जुन्या मशीनला तरी कुठं सांगितलं होतं? ते आपणहून सोडत होतं."

आम्ही नवा प्रोग्रॅम सूत्राशी ताडून बघितला होता, डेपोच्या जुन्या बिलांशी नाही.

मी अपूर्णांक सोडणारी एक ओळ घातली. बिल पुन्हा छापलं. बसप्पानं दोन ओंडके स्वतः मोजले, कागदाशी लावून बघितले आणि लॉरीवाल्याला हात केला. "होगली बिडी, अण्णा. जाऊ द्या."

दोन वर्षांनी त्या भाषेचं काम तिच्या कर्त्यांनीच थांबवलं. अण्णांचा प्रोग्रॅम मात्र चालू आहे. दुरुस्तीला माझ्याशिवाय कुणी नाही.

तेव्हापासून जुन्या प्रोग्रॅममधली चूक दिसली की मी ती आधी गिऱ्हाइकाला दाखवतो. एखादी त्याची रीत निघते.

त्या दिवशी उरलेल्या सहा हजारांतून अण्णांनी पाच हजार शंभर देसाई सरांना दिले. नऊशे लॉरीवाल्याला, दिवसभराच्या खोळंब्याचे.