टिंब देणाऱ्या मार्थाबाई

बातमी मला बाजाराच्या दिवशी कळली. श्रीरामपूरची गाडी स्टँडात शिरली आणि उतरणाऱ्या गर्दीतून एक ओळखीचा चेहरा माझ्याकडे चालत आला. मार्थाबाईंचा धाकटा भाऊ. बाई इथून गेल्या तेव्हा त्यांचं सामान न्यायला तो आला होता, तेव्हाच काय ते पाहिलेलं. टोपी काढून हातात धरत तो म्हणाला, “ताई गेली, निमसेभाऊ. लई दिवस ताप हुता, मग खोकल्यातनं रगत पडाया लागलं... परवा माती दिली. म्हटलं, हापिसात तेवढं सांगून यावं.” चहा घे म्हणालो, तो नको म्हणाला, आणि आम्ही दोघं कचेरीकडे चालू लागलो. तिथं आमच्या हेडक्लार्क रावसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “कोण मार्था?” बाईंना कचेरी सोडून अजून वर्षही झालं नव्हतं. मग त्यांना आठवलं. “हां हां, ती टिंबवाली होय! अरेरे.” आणि चष्मा परत नाकावर आला. त्या ‘अरेरे’चा मला इतका संताप आला की तो आज इतक्या आठवड्यांनीही गेलेला नाही. हे लिहायला बसलो तो त्या संतापामुळेच.

आमची कचेरी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याची. नाव लिहीत नाही, कारण उद्या तिथंच हजेरी लावायची आहे. मार्थाबाई आमच्याकडे आल्या त्या दुष्काळाच्या तोंडावर. पेरण्या वाया गेलेल्या, तालुक्यातली निम्मी माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला निघालेली. कामं वाढली तसे कागद वाढले, आणि कागद वाढले तेव्हा वरच्यांच्या ध्यानात आलं की या कचेरीत टाइप करणारं कोणी नाही. मिशनच्या शाळेत शिकलेल्या, मराठी टाइपिंग येणाऱ्या मार्थाबाईंना तात्पुरत्या जागेवर घेतलं. अट अशी, की ठरल्या मुदतीत सरकारी वेगपरीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी जायचं. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, वडील वारलेले, बरोबर म्हातारी आई. श्रीरामपुरात भावाचं घर होतं, पण भावजयीला सासू नकोशी होती. जेवताना रोज काहीतरी टाकून बोलणं व्हायचं आणि म्हातारी ताटावरून उठायची. म्हणून नोकरी लागल्याबरोबर बाईंनी आईला इकडे आणलं आणि मारुतीच्या देवळामागं एक खोली घेतली. “आता आईला कुणाच्या तोंडाकडं बघून जेवायला नको,” असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. नोकरी गेली तर खोली जाणार आणि म्हातारीला परत त्या घरात जावं लागणार, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आता मशीनबद्दल. दुसऱ्या कुठल्यातरी कचेरीने नको झालं म्हणून आमच्याकडे ढकललेला तो टाइपरायटर. मराठी मशीन मुळातच खोडीचं असतं. त्यात ग, श, ण असली अक्षरं अख्खी मिळत नाहीत, अर्धं अक्षर मारायचं आणि त्याला काना जोडायचा. आमच्या मशीनचा काना दुपार झाली की चिकटायचा आणि कागदभर नुसती अर्धी अक्षरं उभी राहायची. कॅरेज मधेच अडायची, तिला डाव्या हाताने टपली मारावी लागायची. रिबन फिरायची नाही. त्या वर्षीची धूळ तर विचारूच नका, सकाळी फडकं मारलं की दुपारी मशीनच्या पोटात पुन्हा रस्ता तयार. बाईंनी घरून दातांचा जुना ब्रश आणला होता, तो रॉकेलमध्ये बुडवून त्या एकेक टाइप घासायच्या आणि केसातला आकडा काढून अक्षरांच्या पोकळ्यांतला मळ टोकरायच्या. रिबन वाळली की तिला तेलाचा थेंब द्यायच्या. कचेरीचे मोठे साहेब कधी जाता जाता विचारायचे, “बाई, मशीन कसं आहे?” बाई म्हणायच्या, “चाललंय साहेब.” मला वाटायचं, एकदा तरी म्हणावं या बाईने, की नाही चालत!

मग एक दिवस अनुस्वाराचा टाइप तुटला. आम्ही त्याला टिंब म्हणतो. इवलासा तुकडा, मशीनच्या पोटात पडला तो पुन्हा सापडलाच नाही. त्याच दिवशी पठारावरच्या एका गावाला तातडीचा कागद जायचा होता : ‘पाझर तलावाचे काम मंजूर करण्यात येत आहे.’ घाईघाईत तो तसाच सहीला गेला आणि तसाच टपालात पडला. पुढच्या आठवड्यात त्या गावचे सरपंच कागद नाचवत कचेरीत आले. “रावसाहेब, हे काय लिवलंय? काम मजूर करन्यात येत हाय! आमी काम मागितलं, आन् तुमी मजूर देता व्हय? मजूर आमच्याच गावात लई पडल्यात, त्यास्नीच काम न्हाई!” सगळी कचेरी खो खो हसली. सरपंच हसले नाहीत. “हसा तुमी. आमची मानसं आठवडाभर तलावाच्या जाग्यावर बसून हायेत. मुकादम म्हनतो, ह्या कागदात मंजुरी न्हाई, मी काम सुरू करत न्हाई.” हसणं थांबलं. मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दादा, माझ्या मशीनचं टिंब तुटलंय. आत्ता दुसरा कागद करून देते.” तो कागद टाइप करून त्यांनी बारीक निबेच्या पेनाने त्यावर टिंबं दिली आणि सरपंचांच्या हातात ठेवला. त्या दिवसापासून टिंबं हाताने देणं सुरू झालं.

टाइप झालेला कागद मूळ मसुद्याशी ताडून बघायचा, याला कचेरीत रुजुवात म्हणतात. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने टाइप केलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी वाचायचो, आणि जिथं टिंब असेल तिथं क्षणभर थांबायचो, तेवढ्यात बाईंचं पेन टेकून उठायचं. मूळ प्रत, कार्बनच्या प्रती, सगळ्यांवर. मराठीत किती टिंबं असतात हे मला तेव्हा कळलं. एका टिंबावरून एकाचे अनेक होतात, आणि साहेबांचा मानही त्या टिंबावरच असतो. टिंब गेलं की ‘साहेबांनी’चे नुसते ‘साहेबानी’ होतात. बाई मधेच मला अडवायच्या. “निमसेभाऊ, लोकानी म्हणालात का लोकांनी?” मी म्हणायचो, “लोकांनी.” “मग जरा नाकातून बोला की! दुष्काळात तुम्ही टिंबं पण वाचवायला लागलात होय?” अशी आमची रुजुवात चालायची. बाईंची टिंबं इतकी रेखीव होती, टाइपच्या शाईत अशी मिसळून जायची, की बाहेरच्या माणसाला पत्ता लागत नसे. मला त्याचं कौतुक वाटायचं. आता ते आठवलं की वाटतं, थोडी वेडीवाकडी दिली असती तर बरं झालं असतं.

कारण दुरुस्तीचं पत्र. परीक्षा जवळ यायला लागली तसं बाईंनी स्वतःच मसुदा केला : अनुस्वाराचा टाइप तुटला आहे, नवीन बसवण्यास मंजुरी मिळावी. टाइप केला, आणि सवयीने पेन हातात घेतलं. मी म्हणालो, “बाई, याला टिंबं देऊ नका. असंच जाऊ द्या. त्यांना कळू दे की!” त्यांना पटलं. पण रावसाहेबांना पटलं नाही. “वरच्या कचेरीत अशुद्ध कागद जायचा नाही. माझी अब्रू जाईल.” टिंब तुटल्याची तक्रार सगळी टिंबं देऊन वर गेली. उत्तर आलं, की आपल्या पत्रातील सर्व अनुस्वार सुस्पष्ट उमटलेले दिसत असल्याने दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही. मी ते उत्तर रावसाहेबांच्या टेबलावर आपटलं. ते म्हणाले, “आता दुष्काळात एका टिंबासाठी पुन्हा लिहायचं का?” बाई जागेवर जाऊन बसल्या आणि पुढचा कागद मशीनमध्ये घातला.

परीक्षेला मशीन ज्याचं त्यानेच न्यायचं. मी नगरच्या टायपिंग क्लासांतून हिंडून आलो, पण मराठी मशिनं मोजकी, ती त्यांच्याच विद्यार्थ्यांना पुरत नव्हती. मग बाईंनी एक तोड काढली. टिंबाच्या जागी अर्धा म, अर्धा न मारायचा. कुटुम्ब, सम्बन्ध, मन्जूर. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याचा सराव चालला. पण ‘त्यांना’चं काय करायचं? ‘लोकांनी’चं, ‘गावांत’चं? तिथं टिंबाला दुसरं काही चालत नाही. त्या ‘त्यान्ना’ असं टाइप करून बघायच्या आणि कागद चुरगाळून टाकायच्या. परीक्षेच्या दिवशी मी रजा काढली. मशीन गोधडीत गुंडाळून एस्टीत आमच्या दोघांच्या मधे ठेवलं होतं, बाईंचा हात सारा वेळ त्याच्यावर. कंडक्टर बघून म्हणाला, “बाई, बाळ आजारी हाय का?” बाई हसल्या. त्यांचं ते हसणं मला नको तेव्हा आठवतं... मी शाळेच्या खिडकीबाहेर उभा होतो. आतून पन्नास मशिनांचा खडखडाट येत होता, त्यातला बाईंचा कुठला ते मला कळत होतं, कारण मधे मधे त्या कॅरेजला टपली मारत होत्या. बाहेर आल्या तेव्हा घामाने निथळत होत्या. “वेळेच्या आत झालं, निमसेभाऊ. एक शब्द सुटला नाही.” मी विचारलं, “आणि टिंबं?” त्या म्हणाल्या, “पेन बाहेरच ठेवायला लावलं.”

नापास झाल्या. वेग भरपूर होता, पण चुका मर्यादेबाहेर. मुदत संपली होती. साहेब तसे वाईट नव्हते. आणखी एक संधी द्यावी म्हणून मी आत गेलो तर त्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि नियम वाचून दाखवला. बाई आईला घेऊन भावाकडे गेल्या. तिथं बसून खायची चोरी, म्हणून कापसाच्या जिनिंगात कामाला लागल्या. तिथली तूस, ती कापसाची बारीक धूळ, छातीत गेली असं भाऊ म्हणत होता, डॉक्टर काय म्हणाला ते त्याला नीट सांगता आलं नाही. म्हातारी आहे अजून. “भिताडाकडं तोंड करून जेवती,” एवढंच तो तिच्याबद्दल म्हणाला. आणि इकडे काय झालं? बाईंच्या जागी एक तरुण आला. त्याने मशीनमधून जसा कागद निघाला तसा, बिनटिंबाचा, थेट वर पाठवून दिला. रावसाहेब त्या दिवशी रजेवर होते. महिना संपायच्या आत नगरचा मेकॅनिक आला, त्याने नवा टाइप बसवला, चहा प्यायला आणि गेला. इतकंच काम होतं ते! मी त्याच्या हाताकडे बघत उभा होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं.

माणूस गेल्यावर काळ सगळं पुसतो म्हणतात. मला तसा अनुभव नाही. आमच्या घरी संध्याकाळी वडिलांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आहे. परवा वडील वैतागून म्हणाले, “अरे, तू असा अडखळत का वाचतोस?” मी अजून प्रत्येक टिंबापाशी थांबतो. आणि थांबलो की आमची शेवटची रुजुवात आठवते.

कचेरीत टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे मार्थाबाईंना कामावरून कमी केल्याचा हुकूम टाइप करायलाही मार्थाबाईच होत्या. रावसाहेबांनी मसुदा त्यांच्या टेबलावर पालथा ठेवला आणि तंबाखू मळत बाहेर गेले. मी म्हणालो, “बाई, राहू द्या. मी हाताने लिहून काढतो.” त्या म्हणाल्या, “हाताने लिहिलेल्या हुकमावर साहेब सही करत नाहीत.” दुपारची वेळ, काना चिकटत होता. त्यांनी आकडा काढून तो मोकळा केला, कागद पुरा केला, काढून टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण उघडलं, पेन एकदा कागदावर टेकवलं आणि मसुदा माझ्या हातात दिला. “चला, रुजुवात करू.”

मला नाही म्हणता आलं असतं तर... पण त्या वाट बघत होत्या. मी वाचायला लागलो. त्यांचं नाव, हुद्दा, टंकलेखिका. टिंब. परीक्षेसंबंधी. दोन टिंबं. त्यांचं पेन नेहमीसारखंच टेकत होतं आणि उठत होतं. मग ती ओळ आली. आपली तात्पुरती सेवा आजपासून संपुष्टात... मी थांबलो. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलो असेन. पेन हललं नाही. मी वर बघितलं.

“थांबू नका, निमसेभाऊ,” त्या म्हणाल्या. “तिथलं मी आधीच देऊन ठेवलंय.”