धक्का आंटीचा गडी

बंद पडलेली गाडी दिसली की आमच्या कमलचे हात शिवशिवायचे. इंदिरा नगरच्या आमच्या गल्लीत कोणाची मोटार अडो, कोणाचा टेम्पो अडो, ही भाजीची पिशवी जवळच्या कठड्यावर ठेवणार, पदर खोचणार आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहणार. गाडी कोणाची ते विचारायचं नाही. आत बसलेल्याला फक्त हुकूम सोडायचा, "भैया, दूसरा गियर डालो. मैं बोलूँगी तब क्लच छोड़ना." गल्लीतली पोरं तिला धक्का आंटी म्हणायची. मोठी माणसं तोंडावर भाभीजी म्हणायची आणि मागे धक्का आंटीच.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. त्यामुळे गोड गोड लिहायला मला जमणार नाही, आणि तिलाही ते चाललं नसतं. छावणीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना अशी एखादी बाई आठवेलच. शेजाऱ्याच्या घरचा सिलिंडर संपला की हिच्या घरचा निघायचा, कोणाची बदली झाली की सामान बांधायला ही पुढे. तशीच ही. फक्त हिला ढकलायचं वेड जास्त.

नव्यानं लखनऊला आलो तेव्हा आमच्याकडे जुनी स्कूटर होती. थंडीत ती चालू व्हायचीच नाही. मी वर बसायचो, ही ढकलायची. एकदा छावणीच्या रस्त्यावर एका साहेबांची मोटार अडली होती. साहेब स्टिअरिंगवर, मेमसाब मागच्या सीटवर. ही गेली आणि काचेवर टकटक करून म्हणाली, "मेमसाब, उतर जाइए. आपका वजन होता है." माझी पाचावर धारण बसली. पण मेमसाब उतरल्या, आणि हिनं त्यांनाही ढकलायला लावलं. गाडी सुटली तशी हिनं हात झटकले आणि चालू पडली. आभार ऐकायला थांबली नाही. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गाडी सुरू झाली की थांबायचं. तिच्यामागं पळायचं न्हाई." माहेर साताऱ्याकडचं. उभा जन्म लखनऊत गेला, हिंदी फाडफाड बोलायची, पण माझ्याशी आणि देवाशी बोली तीच.

आता तिच्या मोठ्या पराक्रमाकडे येतो.

आमची मुलगी सुषमा अमेरिकेत असते. जावई संदीप आणि त्याच्या ऑफिसातले मित्र मिळून एक खेळ खेळतात, फँटसी फुटबॉल. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. तिकडचा चेंडू लिंबासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं, फेकायचा, झेलायचा आणि एकमेकांना आडवं करायचं. खरे खेळाडू मैदानात खेळतात. आपण घरी बसून त्यांच्यातले आपले गडी निवडायचे. ते जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. एका वर्षी कोणी मित्र ऐनवेळी गळाला, एक जागा रिकामी पडली. सुषमा गमतीनं म्हणाली, "आईचं नाव घालते." आणि घातलं की!

दर रविवारी संध्याकाळी सुषमाचा फोन यायचा. ही स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात आदल्या सामन्यांची चित्रफीत. इंग्रजी नावं तिच्या तोंडात बसेनात, म्हणून तिनं आपली नावं ठेवली. चेंडू पोटाशी धरून मुसंडी मारणारा तो रनिंग बॅक. तो झाला पळ्या. रांगेच्या टोकाला उभा राहून समोरच्याला रेटणारा, मधूनच एखादा चेंडू झेलणारा तो टाइट एंड. तो झाला ढकल्या. संघात ढकल्या एक ठेवावाच लागतो. त्याशिवाय शेवटची एक मोकळी जागा असते, तिथं पळ्या बसवा नाहीतर आणखी एक ढकल्या. शहाणी माणसं तिथं पळ्या बसवतात. ही प्रत्येक वेळी दुसरा ढकल्या बसवायची.

"आई, त्या जागेवर तरी रनिंग बॅक घे ना, यार," सुषमा वैतागायची.

"ऱ्हाऊ दे. मला ह्योच बरा वाटतोय. बघ की कसा रेटतोय."

तरी ती वर चढत गेली. नशीब म्हणा. कोणाचे गडी जायबंदी झाले, कोणी आपला संघ भरायलाच विसरला. डिसेंबर उजाडला तर अंतिम सामन्यात एका बाजूला सासू आणि दुसऱ्या बाजूला जावई!

मग हिनं डाव टाकला. सुषमाचं बिऱ्हाड किती तरी वर्षांत इकडे आलं नव्हतं. दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी सुट्टी नाही, कधी मुलांची शाळा, आणि संदीपचं हमखास, "आई, जूनमध्ये लखनऊचं ऊन मुलांना झेपायचं नाही." आणि हिला ते जूनमध्येच हवे होते. जवळच्या मलिहाबादच्या बागेत झाडाखाली बसवून नातवंडांना दशहरी आंबा खाऊ घालायचा, एवढं एकच तिच्या मनात. फोनवर म्हणाली, "जावईबापू, तुमी जिकला तर आमी दोघं थंडीत तकडं येतो, बरफात. मी जिकले तर तुमी समदे जूनमदी हितं. ऊन-बिन सांगायचं न्हाई."

संदीप हसला. "डन, आई." त्याला वाटलं, जिंकणार तर मीच.

रविवारचे सामने झाले. सोमवारी सकाळी बघतो तर ही मागे. फार नाही, पण मागे. जावयाचे सगळे गडी खेळून झाले होते. हिची ती शेवटची मोकळी जागा तेवढी उरली होती आणि एकच सामना उरला होता, आमच्याकडच्या मंगळवारी सकाळचा. त्या सामन्यातल्या एकाच संघात हिचे दोन गडी होते, एक पळ्या, एक ढकल्या. पळ्या म्हणजे नावाजलेला. ढकल्याला त्या वर्षी चेंडू जेमतेम मिळालेला. दोघांतला एकच बसवता येणार होता.

सोमवारी संध्याकाळी दोघांचा मिळून फोन आला. सुषमानं विचारलं, "आई, रनिंग बॅक ना?"

"न्हाई गं. ढकल्याच. उद्या त्यो रेटून रेटून गुन काढंल बघ."

संदीप आधी हसला. मग म्हणाला, "आई, एक मिनिट. रेटण्याचे गुण मिळतात असं वाटतंय का तुम्हाला?"

"मग? मिळत न्हाईत व्हय?"

"नाही. झेलला तर मिळतात, पळाला तर मिळतात. रेटण्याचा एकही नाही. मला तुम्हाला फसवून जिंकायचं नाही, म्हणून सांगतो."

मी मान हलवली. पूर्ण मोसम ही बाई ढकलण्याचे गुण मिळतात समजून खेळली होती! सुषमाला वाटायचं आईला ते गडी दिसायला आवडतात. कोणी विचारलंच नव्हतं.

कमलच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे त्यो एवढ्या धिप्पाड मानसाला अंगावर घेतो, त्याच्यामुळं त्यो पळ्या फुडं निघतो, आन् त्याला काय मिळत न्हाई?"

"काहीच नाही, आई."

"मग मी त्यालाच घेते."

मला राहवलं नाही. "येडी हैस का?" म्हणालो. "नातवंडं यायची हैत का न्हाई? पळ्याला घे आणि गप बस."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी ड्रायव्हर. स्टिअरिंगवर बसलेलं मानूस. तुमाला मागनं कोन ढकलतंय ते कवा दिसलंय?"

तिकडे संदीप खो खो हसत सुटला. ढकल्या बसला.

मंगळवारी बाहेर एवढं धुकं की समोरचं मिश्राजींचं फाटक दिसेना. तिकडे त्यांची रात्र. सुषमानं फोन टीव्हीकडे करून ठेवला होता, आम्ही इकडे चहा घेऊन बसलो. सामना पुढे सरकेना. पळ्याला समोरचे घेरून घेरून पाडत होते. ढकल्या इमानानं ढकलत होता. एक-दोन चेंडू आले, तेवढे झेलले, पण त्यानं भागणार नव्हतं. संदीप मधूनच ओरडायचा, "आई, स्वेटर काढून ठेवा, बर्फात लागतील!" ही म्हणायची, "कुल्फी खायला तुमीच येताय."

शेवटची काही मिनिटं उरली आणि हिच्या गड्यांचा संघ रेघेच्या अगदी तोंडाशी आला. रेघ ओलांडली की गुणच गुण. तेवढ्यात बाहेरून आवाज. खर्र खर्र खर्र. मिश्राजींची जुनी मोटार. मग मिश्राजी, "अरे भाभीजी! ज़रा हाथ लगा देंगी? स्टेशन जाना है, ट्रेन छूट जाएगी."

कमल उठली.

"अगं, शेवट आलाय!" मी म्हणालो.

"त्यांची गाडी सुटंल." पदर खोचून ती गेलीसुद्धा.

मी एकटा फोनपुढे. रेघेपुढे दोन्ही संघ वाकून उभे. चेंडू वाटून देणारा एक गडी असतो, त्यानं चेंडू पळ्याच्या पोटाशी नेला. झालं! समोरचे सगळेच्या सगळे पळ्यावर तुटून पडले. आणि चेंडू त्याच्याकडे नव्हताच. वाटणाऱ्यानं तो काढून घेतला होता. आमचा ढकल्या नेहमीसारखा एकाला रेटत होता. त्यानं त्याला सोडलं, बाजूनं सटकला, रेघेपलीकडे जाऊन उभा राहिला. एकटा. आसपास काळं कुत्रं नाही. त्याच्याकडे बघायची कोणाला सवयच नव्हती. चेंडू अलगद त्याच्या हातात आला.

फोनमधून सुषमाची किंकाळी आली. मी उठलो, गुडघे विसरलो, पायात चपला नाहीत, तसाच गल्लीत धावलो. धुक्यात आधी ती दिसेना. मग मोटारीच्या मागे वाकलेली दिसली.

"कमल! जिकलीस! ढकल्यानं झेलला!"

"थांबा हो!" ती खेकसली. "भैया, अब छोड़ो क्लच!"

मोटारीनं आचका दिला, धूर सोडला आणि सुरू झाली. कमलनं हात झटकले, कमरेवर ठेवले आणि मग माझ्याकडे वळली. "आता सांगा."

मी सांगितलं. मिश्राजींनी काच खाली करून विचारलं, "क्या हुआ, भाभीजी? कौन जीता?"

"हम जीते! जून में बच्चे आ रहे हैं!"

मिश्राजींना खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं, पण त्यांनी हॉर्न वाजवला. गल्लीच्या टोकापर्यंत वाजवत गेले. त्या आवाजानं खिडक्या उघडल्या. ही धुक्यात उभी राहून प्रत्येक खिडकीला सांगत होती. तिचा तो विजयी झेल तिनं स्वतः पाहिला नव्हता. नंतर सुषमानं तो पाठवला आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्यापर्यंत, हिनं तो दाखवला. "ये देखो. ये मेरा आदमी." मी म्हणायचो, "आणि मी कोण?" "तुमी ड्रायव्हर."

जूनमध्ये सगळे आले. जावयानं शब्द पाळला, ऊन म्हणून एक अक्षर काढलं नाही. भाड्याची व्हॅन करून मलिहाबादला गेलो. बादलीत गार पाणी, पाण्यात दशहरी, नातवंडांच्या कोपरापर्यंत रस ओघळलेला. कमल त्यांना आंबा मऊ करून, टोक काढून हातात देत होती आणि स्वतः कोयी चोखत होती. परत येताना व्हॅन बंद पडली. मी पुढे स्टिअरिंगवर बसलो होतो. मागून आवाज आला, "जावईबापू, उतरा." संदीप उतरला. सुषमा उतरली, मुलं उतरली. त्या उन्हात सासू आणि जावई खांद्याला खांदा लावून ढकलत होते, आणि तिनं त्याला विचारलेलं मी पुढच्या आरशात बघत ऐकलं, "ह्याचं गुन किती, जावईबापू?" तो धापा टाकत म्हणाला, "सगळेच्या सगळे, आई."

ते परत गेले तेव्हा सुषमा टॅक्सीत रडत बसली. कमल गल्लीत उभी राहिली. टॅक्सी हलली तसे तिनं हात झटकले. मागे पळाली नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत ती गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही, तेवढं बरं. घर आता मोठं वाटतं, आणि मला ते आवडत नाही, बस. मला रडण्याचा कंटाळा आहे, पण चहा अजून दोघांचा टाकला जातो आणि मग मीच पितो. तिला न्यायला गाडी आली ती पहिल्याच चावीला सुरू झाली. तरी मिश्राजी मागे गेले आणि दोन्ही हात लावून उभे राहिले. त्यांचं बघून गल्लीतल्या आणखी चौघापाचांनी लावले. ड्रायव्हर म्हणाला, "भाईसाहब, चालू है." मिश्राजी म्हणाले, "पता है."

तिचा संघ संदीपच्या मित्रांनी मोडला नाही. तिथल्या त्या शेवटच्या मोकळ्या जागेला ते सगळे आता 'आंटीची जागा' म्हणतात. संघ मी चालवतो. यंदा आंटीच्या जागेवर मी ढकल्याच बसवत गेलो. एकानं धड झेलला नाही. मी सपशेल हरलो, तळाला गेलो.

परवा संदीपचा फोन आला. "बाबा, जूनची तिकिटं काढली."

"अरे, पण मी हरलोय."

"हो, फार वाईट हरलात. ऐका, मलिहाबादला जायला व्हॅन सांगून ठेवा. मागच्या वेळची तीच."

"ती बंद पडते, संदीप."

"म्हणूनच तर, बाबा. आणि यंदा तुम्ही पुढे नाही बसायचं."

मी आज सकाळीच जाऊन तीच व्हॅन सांगून आलो.