हाताचे नव्वद रुपये

सेतुराव गाडीचं बॉनेट आधी कधी उघडत नसत. ते मागच्या सीटवर जाऊन बसत आणि मालकाला म्हणत, "चालवा, स्टेशनापर्यंत." मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या गल्ल्यांतून खड्डे खात गाडी स्टेशनापर्यंत जाऊन परत यायची, तोवर सेतुराव डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, कीर्तनाला बसल्यासारखे बसलेले असत. उतरले की सांगत, "मागलं डावं संपलं. उजवं अजून वर्षभर चालेल, पण बदलायचं तर जोडीनंच." आणि मालकानं काही विचारायच्या आत पुढचं वाक्य यायचं, "सामान तुम्हीच दुकानातून आणा. कूली नव्वद."

कूली म्हणजे मजुरी. शॉक अ‍ॅब्सॉर्बरला आम्ही गॅरेजवाले शॉकअप म्हणतो; मागच्या जोडीची मजुरी त्या काळी, ऐंशी सालानंतरच्या चार-पाच वर्षांत, आमच्या भागात चाळीसच्या वर कुणी घेत नव्हतं. मीही चाळीसच घ्यायचो. माझं गॅरेज त्यांच्या अलीकडे पाच घरांवर होतं, त्यामुळे त्यांच्याकडे जाणारी प्रत्येक गाडी माझ्या फाटकावरून जायची. मी पाना हातात घेऊन उभा असायचो आणि निम्म्या मजुरीत काम करणाऱ्या माझ्याकडे न बघता माणसं नव्वद रुपये द्यायला पुढं निघून जायची.

मी कोल्हापूरकडचा. आयटीआय करून एका कारखान्यात नोकरीला म्हणून मद्रासला आलो. नोकरी गेली, पण परत जायची लाज वाटली, म्हणून एक शेड भाड्यानं घेऊन गॅरेज उघडलं. त्याच दिवशी सेतुराव नारळ घेऊन आले. साठीकडे झुकलेले, सडपातळ, कपाळावर गंध आणि अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. गल्लीतले लोक त्यांना 'रायर', म्हणजे तमिळमध्ये राव, म्हणत. त्यांनी माझ्या पाटीवरचं आडनाव वाचलं होतं.

"तुम्ही मराठे की? कोण गावचे? आम्ही तंजावरचे. मज फार संतोष झाला. ह्या वीथीत मराठी बोलावयास कोणी नव्हतं."

मी हसू दाबलं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला उतरलेली ती मराठी, वरून तमिळची चाल. ते गेल्यावर मी बायकोला, कुसुमला, त्यांची नक्कल करून दाखवली. ती हसली नाही. म्हणाली, "ऐकत राहावंसं वाटतं." तेवढंही मला खटकलं. मराठी मुलखातून आलेला मी, आणि मराठी गोड कुणाची, तर त्यांची.

मला त्यांचा हेवा वाटायचा. आज हे सरळ लिहिता येतं. तेव्हा मी त्याला धंद्यातली चुरस म्हणायचो. दुपारी काम नसलं की विडी ओढायच्या निमित्तानं मी त्यांच्या शेडसमोरच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन बसायचो आणि बघायचो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं तिथल्या गाड्यांचे बोल्ट गंजून बसत. मी ते हातोडीनं ठोकून काढायचो, नाहीतर कापायचो. सेतुराव त्यांवर रॉकेल सोडून दुसऱ्या कामाला लागायचे. नवा शॉकअप लावण्यापूर्वी तो उभा धरून हातानं सातआठ वेळा दाबायचे, ओढायचे, मग कान लावून ऐकायचे. जे काम मी सव्वा तासात उरकायचो, त्याला त्यांचा अख्खा दिवस जायचा. मला वाटायचं, नव्वद रुपये उकळायचे म्हणून हे नाटक.

मजुरी कमी करा म्हणणारे त्यांनाही भेटायचेच. एकदा एक बँकेतले गृहस्थ म्हणाले, "रायर, दहा रुपये तरी सोडा."

"मागं कोण बसतं आपल्या?"

"माझी आई."

"मग आईस विचारून या, सोडू का."

गृहस्थ हसले आणि नव्वद देऊन गेले. हेच मी म्हणालो असतो तर गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं असतं. त्यांचं आणखी एक वाक्य होतं, "घाईची कूली मी घेत नाही. ती सगळीकडे मिळते." ते म्हणताना त्यांची नजर माझ्या शेडकडे जायची, असं मला वाटायचं. गर्विष्ठ होतेच ते. आपलं काम उत्तम आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते लपवायचे कष्ट ते घेत नसत.

एक दिवस चहाच्या टपरीवर मी एका टॅक्सीवाल्याजवळ बोललो. फार नाही, एकच वाक्य. "रायर नवे शॉकअप ठेवून घेतात आणि जुन्यांनाच रंग मारून बसवतात म्हणे." ते 'म्हणे' मी मुद्दाम जोडलं. सामान गिऱ्हाईक स्वतः आणून देत असल्यामुळे ते वाक्य बरोबर वर्मी बसलं. महिन्याभरात ते गल्लीत फिरलं, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दोनचार गाड्या माझ्या फाटकात वळल्या.

त्यात विशालाक्षी टीचरची फियाट होती. टीचर मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या यजमानांच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आठवड्यातून दोनदा त्यांना मागच्या सीटवर निजवून व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. मी जोडी बदलली, चाळीस घेतले, आणि त्या रात्री फार दिवसांनी पोटभर जेवलो.

दोन महिन्यांत गाडी मागून खडखडायला लागली. शॉकअपच्या टोकाला रबराचे बुश असतात, ते फाटले होते. मी फुकट बदलून दिले. सहा आठवड्यांत पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टीचर आल्या तेव्हा आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "ते आता जायलाच नको म्हणतात. प्रत्येक खड्ड्याला ओरडतात, आणि मग मला सॉरी म्हणतात." मी गाडीखाली गेलो, बुश बघितले, आणि ते का फाटतात हे मला माहीत नाही, हे तिथं पडल्या पडल्या मला कळलं.

बाहेर आलो तर टीचर नव्हत्या. थोड्या वेळानं त्या सेतुरावांना घेऊन आल्या.

"रायर, गाडी तुमच्याकडे घेऊन जा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "माझंच चुकलं. लोक म्हणाले तुम्ही जुन्याला रंग मारता, म्हणून मी इकडे आले."

"कोण लोक?" सेतुरावांनी विचारलं.

टीचर माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांनी मुद्दाम बघितलं की सहज, मला आजही माहीत नाही. मग सेतुरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, धाकट्या भावाला तमिळमध्ये म्हणतात तसं 'तंबी' म्हटलं आणि चेहरा हसरा ठेवून ते मराठीत बोलायला लागले.

"तंबी, ते खोटं तू बोललास. मज केव्हाच ठाऊक होतं. टॅक्सीवाल्यानं तुझं नाव सांगितलं होतं. ह्या बाईसमोर तुझी अब्रू काढत नाही, कां तर तिच्या यजमानास उद्या ह्याच गाडीतून जावयाचं आहे, आणि कूली तू घेतली आहेस. जिनं कूली दिली तिचं काम तूच करशील. पण मी हे विसरणार नाही."

टीचर हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होत्या. आम्ही गावाकडचं काही बोलतोय, असं त्यांना वाटलं असावं.

मग गाडी इथंच होईल असं टीचरना तमिळमध्ये सांगून सेतुरावांनी मला गाडीखाली घातलं आणि स्वतः शेजारी उकिडवे बसले. नवे बुश घातले, बोल्ट सैल लावले. मी जॅकवर असलेल्या गाडीखाली, नेहमीसारखा, आवळायला गेलो तर त्यांनी पाना धरला.

"इथंच चुकतं तुझं. गाडी लोंबकळत असताना आवळतोस, मग खाली उतरवली की रबर पिळून बसतं. तिला तिच्या पायांवर उभी कर. मागं दोन माणसांचं वजन ठेव. मग आवळ."

मी गाडी खाली घेतली, पंक्चरवाल्याला आणि त्याच्या भावाला मागं बसवलं आणि आवळलं. एवढंच होतं ते. ही एवढी गोष्ट मला आयटीआयमध्ये कुणी सांगितली नव्हती, आणि मी पंक्चरवाल्याच्या बाकावर बसून वर्षभर बघत होतो तरी दिसली नव्हती. बघताना माझं लक्ष त्यांच्या हातांवर कमी, गिऱ्हाइकाच्या पाकिटावर जास्त असायचं.

टीचर गाडी घेऊन गेल्या. सेतुरावांनी हात पुसले आणि माझ्यासमोर तळवा धरला. तमिळमध्ये म्हणाले, "शिकवायची कूली. नव्वद."

मी दिले. नोटा कमरेच्या घडीत खोचून ते निघून गेले. त्या दिवसानंतर ते माझ्याशी मराठीत एक शब्दही बोलले नाहीत.

बोलणं बंद केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. वाटेत भेटले की ते थांबत, धंदा कसा चाललाय विचारत, एकदा माझा जॅक मोडला तर त्यांनी त्यांचा आठवडाभर दिला. पण सगळं तमिळमध्ये. मी मराठीत विचारलं तरी उत्तर तमिळमध्ये. कुसुमशी मात्र ते मराठीतच बोलत. दिवाळीत फराळाचं घ्यायला येत, ओट्यावर बसत. "लेकी, चकलीत मोहन कमी पडलं की," हे मला आतल्या खोलीत ऐकू येई. मी बाहेर आलो की ते उठत आणि तमिळमध्ये माझी चौकशी करत. ज्या मराठीची मी नक्कल केली होती, ती ऐकायला मी दाराआड उभा राहायला लागलो. आधी मला त्यांच्या गिऱ्हाइकांवरून त्यांचा हेवा वाटायचा. आता मला माझ्याच बायकोचा हेवा वाटायला लागला.

मजुरी मी हळूहळू वाढवली, कामं दिवसभर करायला लागलो, माझ्या हातचे बुश टिकायला लागले. विशालाक्षी टीचर माझ्याकडेच येत राहिल्या. हे सगळं सेतुराव बघत होते. त्यांनी एकदाही चांगलं म्हटलं नाही.

नव्वद सालानंतर नव्या गाड्या आल्या. त्यांच्या पुढच्या चाकांकडची रचना वेगळी, हत्यारं वेगळी. सेतुरावांची नजरही अधू झाली होती. त्यांनी शेड सोडली आणि तंजावरला पुतण्याकडे जायचं ठरवलं. मी आणि कुसुम एग्मोर स्टेशनवर त्यांना पोचवायला गेलो. कुसुम पाण्याची बाटली आणायला गेली तेव्हा मी खिडकीशी एकटा होतो. मी मराठीत म्हणालो, "राव, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. मला माफ करा."

ते तमिळमध्ये म्हणाले, "ते कधीच केलं, तंबी. टीचरच्या यजमानांना मी देवळात चालताना बघितलं त्याच दिवशी."

"मग माझ्याशी मराठीत का बोलत नाही?"

त्यांनाच उत्तर शोधावं लागत होतं. म्हणाले, "राग गेला. सवय राहिली. तुला बघितलं की तोंडात तमिळच येतं. आता काय करू?"

हेही तमिळमध्येच. तेवढ्यात कुसुम आली. बाटली घेताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "येतो हो लेकी, सुखी अस," आणि गाडी हलली. चाळिशी ओलांडलेला मी त्या प्लॅटफॉर्मवर लहान पोरासारखा चिडून उभा होतो.

दीड-दोन वर्षांनी तंजावरहून कार्ड आलं. पुतण्यानं कुसुमच्या नावे तमिळमध्ये लिहिलेलं. तिला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून ते मी वाचून मराठीत सांगितलं. काका झोपेतच गेले, त्रास झाला नाही. आणि शेवटची ओळ, "शेवटपर्यंत ते तुमची आठवण काढत होते."

कुसुम रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बघा, आपल्या दोघांची काढत होते."

मी कार्ड पुन्हा वाचलं. तमिळमध्येही 'तुमची' हा शब्द एका माणसाला मानानं म्हणता येतो आणि दोघांनाही. कार्डावर नाव फक्त कुसुमचं होतं. पुतण्याचा पत्ता खाली होता, मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.