टिंबाआड लपवलेली डिरेक्टरी

आबिड्सला दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. परदेशी कंपन्यांची कामं हैदराबादला नुकतीच यायला लागली होती आणि आम्ही अकरा जण एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर, एका युनिक्स मशीनवर, काम करायचो. ती आणि मी एकाच दिवशी रुजू झालो. मी नारायणगुड्याची, ती मलकपेठची. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे डबा एकत्र आणि साहेबांची नक्कलही एकत्र. तिचं काही अडलं की मी माझे प्रोग्राम उघडून दाखवायचे.

एका सकाळी मशीनची डिस्क भरली आणि सगळ्यांचं काम थांबलं. साहेबांनी मला बोलावलं.

"कुणी किती जागा अडवलीय, ते रोज सकाळी कागदावर पाहिजे."

मी छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येकाच्या डिरेक्टरीत, म्हणजे फाइलींच्या कप्प्यात जायचं, फाइलींचे आकार घ्यायचे, बेरीज करायची. पण बेरीज जुळेना. मशीन सांगत होतं त्यापेक्षा चाळीस मेगाबाइट कमी भरत होते, आणि तेव्हा चाळीस मेगाबाइट म्हणजे थोडीथोडकी जागा नव्हती. दोन दिवस मी माझीच चूक शोधत बसले.

ती शेजारी येऊन म्हणाली, "कशाला परेशान होतेस? मशीनच्या स्वतःच्या फाइली असतील. अंदाजे आकडा लिहून दे."

हिला आपली किती काळजी, असंच मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मॅन्युअलमध्ये सापडलं. नावाआधी टिंब दिलं की फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही, आणि माझी स्क्रिप्ट त्या यादीवरच विसंबली होती. लपलेल्या फाइलींसकट सगळी जागा मोजणारी कमांड वेगळीच होती. ती घालून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. बाकीच्यांचे आकडे जेमतेम हलले. तिचा एकवीसचा साठ झाला.

तिच्या डिरेक्टरीत टिंबाने नाव सुरू होणारी आणखी एक डिरेक्टरी होती. त्यात माझे प्रोग्राम होते, आठ महिन्यांचं काम, चाचणीच्या डेटासकट. प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत मी माझं नाव घालायचे. तिथे तिचं होतं. सोबत अमेरिकेला माणसं पाठवणाऱ्या एका एजन्सीला लिहिलेलं पत्र. त्या एजन्सीची जाहिरात मीच तिला पेपरातून कापून दिली होती. दसरा झाला की दोघींनी मिळून अर्ज करायचा, असं ठरलं होतं. पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. "हे सर्व काम मी एकटीने केले आहे," असं त्यात लिहिलं होतं.

डबा खायला बसलो तेव्हा मी म्हणाले, "टिंबवाली डिरेक्टरी बघितली मी."

तिने घास खाली ठेवला. नाही म्हणाली नाही.

"तुझे बाबा तुला पाठवणारच नव्हते. ते सगळं इथेच पडून राहिलं असतं."

"मला मागितलं असतंस तर?"

"तू दिलं असतंस," ती म्हणाली. "मला जन्मभर तुझे उपकार नको होते."

मला एवढंच कळलं की मी अडल्या वेळी धावून जायचे, तेव्हा ती मनात दुसरंच काही साठवत होती.

साहेबांच्या कागदावर मी तिच्या नावापुढे साठ लिहिलं. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जुन्या प्रती आहेत, काढून टाकते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गप्प राहिले. का, ते आजही नीट सांगता येत नाही. तीन महिन्यांनी ती अमेरिकेला गेली. जाताना सगळ्यांना पेढे दिले, माझ्याही टेबलावर एक ठेवला.

पुढच्या वर्षी मी त्याच एजन्सीत गेले. तिथल्या गृहस्थांनी माझ्या प्रोग्रामांचे छापील कागद चाळले, मग परत पहिल्या पानापासून बघितले.

"हे काम आम्ही आधी पाहिलंय. एक मुलगी घेऊन आली होती. तुम्ही कुठून उतरवलंत?"

"माझंच आहे," मी म्हणाले.

"तीही हेच म्हणाली होती." त्यांनी कागद एकावर एक सारखे केले आणि माझ्या हातात दिले.