कढई न चढवता

वहिनीनं बॅग भरायला घेतली तेव्हा मी तिच्यावर ओरडणारच होते, पण पुढच्या खोलीत आई बसली होती म्हणून दातओठ खाऊन गप्प राहिले. मला गप्प राहणं जमत नाही. अमरावतीत सासरच्या गल्लीत माझ्या तोंडाची चांगलीच ख्याती आहे. पण अकोल्याच्या त्या घरात उन्हाळ्यापासून सगळेच हळू बोलत होते, आणि तिथं पाऊल टाकलं की माझाही आवाज आपोआप खाली यायचा.

उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. सकाळी आंघोळ करून बाहेर आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागे आई, वहिनी आणि दोन पोरी उरल्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. त्या घरातली ही पहिली दिवाळी. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं पहिल्या दिवाळीला आमच्याकडे कढई चढवत नाहीत. तळण नाही, गोडधोड नाही. फराळ यायचा तो शेजारपाजारहून नाहीतर नातेवाइकांकडून. पोरींची आत्या म्हणून मी डबे भरभरून नेले होते. आईनं ते उघडूनही पाहिले नाहीत, तसेच फळीवर ठेवले आणि पुन्हा आपल्या दिवाणावर जाऊन बसली.

"संध्याकाळी दादा येऊन राहिला तिवस्याहून," वहिनी दार लोटून घेत म्हणाली. "पोरींची शाळा तिकडंच पाहतो म्हणे. आता मी परत नाही येत, ताई."

"आईले सांगितलं?"

"निघताना सांगीन."

"काहून पण? काय बोलली ती तुले?"

"बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. काहीच बोलत नाहीत. पोरी हसल्या का नुसत्या टक लावून पाहतात त्यांच्याकडे. थोरली आता आवाज काढून हसतच नाही. धाकटीलेही तिनंच शिकवलं, तोंड दाबून हसाचं म्हणून. तुमीच सांगा, कशी ठेवू मी पोरींले इथं?"

आईची ती नजर मीही पाहिली होती. लहानपणी आम्ही बहीणभाऊ तिच्या हाताला कधी भ्यालो नाही, नजरेला मात्र भ्यायचो, आणि पन्नाशीला टेकले तरी तिच्यापुढे माझी अजून बोबडी वळते. वहिनीचा मला राग आला होता आणि तिचं खरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटलं की माझं डोकं दुखायला लागतं.

तेवढ्यात थोरली दारात येऊन उभी राहिली. बॅगेकडे तिनं पाहिलं. मला म्हणाली, "आत्या, गॅस न पेटवता केलं तं चालते का?"

"काय केलं तर?"

"पप्पाचे लाडू."

माझ्या भावाला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दिवाळीत आई तळणाला बसली की पोरींना कढईजवळ फिरकू देत नसे, म्हणून हा त्यांना घेऊन मागच्या पडवीत बसायचा. बिस्किटांचा चुरा, खोबऱ्याचा कीस आणि डब्यातलं घट्ट गोड दूध. कालवायचं आणि वळायचं, झाले लाडू. ना भाजणं, ना पाक. आई नाक मुरडायची, याला काय लाडू म्हणतात का म्हणायची. ते लाडू कधी नीट गोल झाले नाहीत आणि कधी दुसऱ्या दिवसापर्यंत उरलेही नाहीत.

मी वहिनीकडे पाहिलं. "करू द्या," ती म्हणाली. "जाताना तेवढं तरी."

कढईचा नियम मोडत नव्हता, हे खरं. पण पळवाट ती पळवाटच. दुखवट्याच्या घरात सून आणि लेक मिळून चोरून लाडू वळतात हे आईनं पाहिलं असतं तर ती काय बोलली असती कोण जाणे, आणि ते ऐकून वहिनी संध्याकाळची वाट न पाहता तेव्हाच निघाली असती. मग ते दार कायमचं बंद झालं असतं. हे सगळं कळत असूनही मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि सामान ओढणीखाली लपवून मागच्या दारानं आत आणलं. माझ्याच माहेरात मी चोरासारखी शिरत होते.

मिक्सर लावायची सोय नव्हती. थोरलीनं बिस्किटं पिशवीत भरली, खाली टॉवेल अंथरला आणि लाटण्यानं दाबून दाबून चुरा करायला लागली. मी खोबरं किसत होते. किसणीचा आवाज एरवी कधी कानावर आला नसेल, त्या दिवशी शेजाऱ्यांनाही ऐकू जातोय असं वाटत होतं. पुढच्या खोलीत आई खोकली की आम्ही तिघी हात थांबवायचो.

"कोन हाय व सयपाकघरात?" आईनं विचारलं.

"मीच हाव. पाणी प्यायले आली," मी म्हणाले. धाकटीला हसू आलं. लगेच तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, खांदे तेवढे हलत राहिले. वहिनी सांगत होती तेव्हा मला ते एवढं लागलं नव्हतं. पाच वर्षांचं लेकरू स्वतःचं हसू असं सराईतपणे गिळताना पाहिलं तेव्हा लागलं.

आता मिश्रण मिळून येईना. दुकानात दुधाचा छोटाच डबा मिळाला होता आणि चुरा झाला होता जास्त. लाडू वळला की हातातच भुगा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. "पप्पाचे फुटत नव्हते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फुटत होते, चांगले फुटत होते, पण ते सांगायची वेळ नव्हती. तूप घातलं असतं तर जमलं असतं, पण तूप थिजलेलं आणि गॅस पेटवायचा नाही. धाकटीच म्हणाली, "उन्हात ठेवू ना." अकोल्याचं ऊन दिवाळीतही काही कमी नसतं. तिनं तुपाची वाटी पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि राखण करत बसली. मी सारखी घड्याळाकडे पाहत होते. वहिनीचा भाऊ, पोरींचा मामा, केव्हाही येईल आणि आई केव्हाही उठेल, यातलं आधी काय होतं तेवढंच पाहायचं होतं.

तूप विरघळलं. धाकटी वाटी घेऊन उंबऱ्यापर्यंत नीट आली आणि तिथं अडखळली. स्टीलची वाटी फरशीवर अशी खणाणली की मी डोळेच मिटून घेतले.

डोळे उघडले तर आई स्वयंपाकघराच्या दारात.

थोरली परातीसमोर आडवी उभी राहिली. "आजी, गॅस नाही पेटवला. कढई पण नाही चढवली." एका दमात बोलली आणि मग ओठ घट्ट मिटले. आवाज ऐकून वहिनीही आली होती, बॅग हातात तशीच.

आईनं परात पाहिली, सांडलेलं तूप पाहिलं. मग भिंतीला धरत खाली बसली आणि त्या चुऱ्याची मूठ घेऊन वळायला लागली. लाडू तिच्याही हातात फुटला.

"त्याचेबी असेच फुटत होते," ती म्हणाली.

भाऊ गेल्यापासून तिनं त्याचा विषय काढला नव्हता. आईच्या नाकाला खोबरं लागलं होतं. ते पाहून धाकटी खुदकन हसली आणि पुन्हा तिचे हात तोंडावर गेले.

"हात काहून लावला तोंडाले?" आईनं विचारलं.

"तू पाह्यते ना," धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिला चिमटा काढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईनं वर पाहिलं, वहिनीकडे, मग तिच्या हातातल्या बॅगेकडे. बॅगेवर तिची नजर बराच वेळ राहिली. आता काय निघतंय तिच्या तोंडून, एवढंच मी पाहत होते.

"हे हसली का तो हसल्यावानी वाटते व मले," आई म्हणाली. "अगदी तसंच खाकरून हसते. म्हणून पाहतो मी. आखीन एकदा हसली पाहिजे, म्हणून पाहतो."

एवढं बोलून ती रडायला लागली. तेराव्यालाही ती अशी रडली नव्हती. धाकटी घाबरून तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि आजीनं थांबावं म्हणून मुद्दाम हसून दाखवायला लागली, मोठ्यानं, खोटं खोटं. मग ते हसू खरं झालं. आणि खरंच, शेवटाला ती खाकरत होती. आम्ही एवढ्या सगळ्या जणी घरात असून ते आमच्या कानावर आलं नव्हतं.

मामा आला तेव्हा परातीत पाचसहा वेडेवाकडे लाडू झाले होते. त्यानं दारातूनच "तयारी झाली का?" म्हणून विचारलं. वहिनीनं आईकडे पाहिलं. आई राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. धाकटीच्या केसांतलं खोबरं काढत राहिली.

वहिनीनं बॅग भिंतीशी ठेवली. "आज नाही, दादा," ती म्हणाली. "शाळेचंही राहू दे. भाऊबीजेले येतो मी, तुले ओवाळाले."

इतक्या गडबडीत भाऊबीज माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी बशी घेतली, मामासाठी त्यात लाडू ठेवला, मग आणखी एक ठेवला, आणि तो नको नको म्हणत असताना त्याच्यासमोर बसून दोन्ही खायला लावले.